थांबायची जागा

मेंढपाळांची खरी अडचण म्हणजे त्यांना वाट पाहत थांबावं लागतं, हा शोध आमच्या ऑफिसात लागला तेव्हा मी तिथंच बसले होते. शोध लावणाऱ्या माणसानं चार दिवसांपूर्वीपर्यंत मेंढी जवळून पाहिली असेल तर ती ताटात. पण त्याच्याकडे लॅपटॉप होता, लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला होता, आणि त्या वर्षांत पुण्यात ज्याच्याकडे प्रोजेक्टर तो बरोबर, असा साधा हिशोब होता. भिंतीवर पडलेलं ते वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं ऑफिस नारायण पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून मशीनची खडखड आणि शाईचा वास, वर आम्ही ग्रामीण महाराष्ट्राचं भलं करत बसलेलो. मी तिथं मराठी लिहायचे. म्हणजे तज्ज्ञ लोक इंग्रजीत जे काही सांगत, ते शेतकऱ्यांना, गुराख्यांना कळेल अशा भाषेत उतरवणं हे माझं काम. गोठ्यातली स्वच्छता, शेळ्यांचं लसीकरण, चाऱ्याची साठवण अशी पत्रकं मी वर्षानुवर्षं लिहिली. कुणी वाचली की नाही देव जाणे, पण निदान त्यांच्यामुळं कुणाचं वाईट झालं नाही.

मग शहरात नवा पैसा आला. पोरांच्या गळ्यात ओळखपत्रं आली, रस्त्यांवर कंपन्यांच्या जीपगाड्या आल्या, आणि कंपन्यांना अचानक समाजाची आठवण यायला लागली. अशीच एक सॉफ्टवेअर कंपनी आमच्या संस्थेला भेटली. तिचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, मधल्या काळात तिनं ते बदललंय. मोबाईलवर येणारे फोन नुकतेच फुकट झाले होते, त्यामुळं मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाच्या मुंडाशातही फोन दिसायला लागला होता. पावसाळ्याआधी हंगामाचा जो लांब पल्ल्याचा अंदाज येतो, तो आपल्या भागापुरता समजून घ्यायचा आणि मेंढपाळांच्या फोनवर पोचवायचा, असा तो प्रकल्प होता.

कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. दुष्काळ पडण्याची शक्यता जास्त आहे हे चार आठवडे आधी कळलं, तर माणूस म्हातारी, अशक्त जनावरं भाव चांगला असतानाच विकू शकतो. चाऱ्याची सोय लावू शकतो. घरी परतायचं की अजून थोडं बाहेरच राहायचं, हे ठरवू शकतो. मी त्या प्रकल्पात अगदी मनापासून पडले. उगाच कशाला खोटं बोला.

आता ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांच्याबद्दल. सुप्याकडच्या कोरड्या पट्ट्यातली ही माणसं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, कुत्री, लेकरं असं सगळं बिऱ्हाड घेऊन पश्चिमेला निघायची, ती मावळाच्या अंगाला जाऊन उन्हाळाभर तिकडं चरायची. पावसाळा तोंडावर आला की परत फिरायची, कारण मावळातला पाऊस त्यांच्या मेंढ्यांना सोसत नाही. लोकर भिजून राहते, खुरं कुजतात, जनावर बसलं की उठत नाही. पण पूर्वेला, घरी, पाऊस पडल्याशिवाय गवत नाही, त्यामुळं फार लवकर जाऊनही चालत नाही. मागं मरण पावसाचं आणि पुढं मरण उपाशीपोटाचं. मधोमध आमचं पुणं.

म्हणून पुण्यापाशी थांबायचं अशी त्यांची जुनी रीत. विश्रांतवाडीच्या पुढं, आळंदी रस्त्याच्या उजव्या अंगाला एक मोठा माळ होता. इथं पाऊस मावळासारखा झोडपत नाही आणि सुप्यासारखा रुसतही नाही. त्या माळावर बिऱ्हाड टाकायचं आणि घरातला एक माणूस पुढं पाठवायचा. त्यानं एसटीनं गावी जायचं, ओल किती खोल गेली, गवताला फूट आली का ते बघायचं आणि सांगावा धाडायचा. सांगावा आला की निघायचं. नाही आला तर माळावरच राहायचं. आसपासचे शेतकरी तोवर मेंढ्या आपल्या शेतात बसवून घ्यायचे. रात्री मेंढ्या शेतात बसल्या की लेंड्यांचं, मुताचं खत आयतं पडायचं. त्याबदली धान्य मिळायचं. दोघांचं भागायचं, आणि कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

माझी ज्या बाईशी ओळख झाली ती अशाच एका बिऱ्हाडाची कारभारीण. पन्नाशीची असेल. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला ताई म्हणायची, दोघींच्या वयाचा त्यात काही संबंध नव्हता. नवरा मेंढरांमागं आणि बाकी सगळा संसार हिच्या हातात. घोड्यावर काय लादायचं, तळ कुठं पडायचा, कुठल्या शेतकऱ्याशी काय बोलायचं, कुठलं जनावर विकायचं, हे सगळं तीच ठरवायची. पहिल्यांदा भेटले तेव्हा ती रात्रीसाठी मेंढ्यांभोवती जाळ्याचं कुंपण उभं करत होती. त्याला ते वाघर म्हणतात. मी पावसाच्या अंदाजाचं सगळं समजावून सांगितलं. तिनं हातातलं काम न सोडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरं ठरंल का?"

मी म्हटलं, "दरवेळी नाही ठरणार. पण ठरण्याची शक्यता जास्त असेल तेव्हाच सांगू."

"मग चालंल," ती म्हणाली. "फुडं धाडल्याल्या मेंढक्याचं तरी दर टायमाला कुठं खरं हुतंय?"

एवढं सरळ होतं ते. माळावर उभ्या उभ्या तिला कळलं. आमच्या संचालकांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

संचालक म्हणजे उंच, गोरे, खादीचा झब्बा घालणारे गृहस्थ. बोलणं मृदू, मराठी शुद्ध, आणि माणूस पाण्याखाली जाईपर्यंत त्याला वाटावं की आपल्याला पोहायलाच शिकवतायत. मेसेज मी लिहायचे. त्या फोनवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत कोंबायचे, तेही मोजक्या जागेत. पहिलाच मेसेज मी त्यांच्यापुढं ठेवला. पाऊस बरा होण्याची शक्यता जास्त, असं त्यात होतं.

"शक्यता काढा," संचालक म्हणाले.

"का?"

"लोकांना ठाम हवं असतं."

"पण अहो, पाऊस ठाम नसतो."

"म्हणूनच आपण ठाम असायचं."

ज्यांनी अंदाज दिला होता त्यांनी बिचाऱ्यांनी शक्यता नीट लिहून दिली होती. आम्ही ती पुसली. तिला जागा पुरत नाही, असं कारण कागदोपत्री दिलं. पाऊस चांगला होणार, असा मेसेज गेला. वाचता न येणाऱ्या लोकांची मला काळजी होती, म्हणून मी मावशीला वर फोनही केला आणि मूळ गोष्ट सांगितली. तिनं नवऱ्याला तरीही पुढं पाठवलंच. त्या वर्षी पाऊस खरंच चांगला झाला, आणि आमच्या कपाळी यश आलं.

यश आलं की माणसं बघायला येतात. कंपनीनं आपला एक अधिकारी पाठवला. तिशीचा तरुण, हसरा, चुणचुणीत, मराठी बोलायला लागला की मधेच इंग्रजीत उडी मारायचा. मेंढ्यांनी त्याच्या बुटांवर जे करायचं ते केलं, तेव्हाही तो हसला. मला तो तेव्हा आवडला होता, हेही लिहायला हवं. त्यानं मावशीला विचारलं, "इथे तुम्ही काय करता?"

"थांबतो."

"किती दिवस?"

"सांगावा यील तवर."

"म्हणजे नुसतं बसून?"

ती खरंतर त्या वेळी एका लंगड्या मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होती. पण त्यानं विचारलं म्हणून तिनं हसून मान हलवली. आणि या नुसत्या बसण्यावर त्यानं आमच्या ऑफिसात तो प्रोजेक्टर लावला. मेंढपाळांचा वेळ वाया जातो, कारण त्यांच्याकडे माहिती नसते. माहिती मिळाली की थांबण्याची गरज संपेल. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "अहो, ते माहितीसाठी थांबत नाहीत. पाऊस पडेपर्यंत गवत उगवत नाही म्हणून थांबतात. तुम्ही तारीख सांगितलीत तरी गवत त्या तारखेलाच उगवणार आहे. मधले दिवस मेंढ्यांनी कुठं काढायचे?"

"चांगला मुद्दा आहे," तो तरुण म्हणाला. पुण्यात कुणी चांगला मुद्दा आहे म्हणालं की समजावं, मुद्दा मेला. अहवालात ते वाक्य जसंच्या तसं गेलं. 'आता मेंढपाळांना थांबण्याची गरज उरलेली नाही.' संस्थेचा शिक्का, संचालकांची सही. मी निषेध म्हणून त्याचं मराठी भाषांतर करायला नकार दिला. कुणाचं काही अडलं नाही, कारण अहवाल इंग्रजीतच वाचला जाणार होता.

पुढच्या उन्हाळ्यात अंदाज वाईट आला. पूर्वेकडच्या पट्ट्यात पाऊस उशिरा आणि कमी होण्याची शक्यता बरीच जास्त. या वेळी मी भांडले. एवढी भांडले की खालचा छापखानेवाला वर येऊन विचारून गेला, काही झालं का. शेवटी मेसेज माझ्या शब्दांत गेला: घरी पाऊस लांबेल असं दिसतं, मेंढ्या लगेच गावी नेऊ नका, वाटेत थांबा. नेमका सल्ला, वेळेत दिलेला, कामाचा. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःवर खूश होते.

आठवड्याभरानं मावशीचा फोन आला. मागं गाड्यांचे हॉर्न इतके की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"ताई, च्यावाल्याकडनं मेसेज वाचून घेतला. थांबा म्हनतोय त्यो."

"हो मावशी, बरोबर आहे. थांबाच."

"कुठं थांबू?"

"माळावर."

"माळाला पत्रं मारल्यात. निळं. आत जाया मिळत न्हाय."

मी दुचाकी काढली आणि विश्रांतवाडी गाठली. आळंदी रस्त्यावर एका बाजूला निळ्या पत्र्याची भिंत, जिथवर नजर जाईल तिथवर. दुसऱ्या बाजूला वाहता रस्ता. मधल्या धुळीच्या पट्टीत ती सगळी मेंढरं एकमेकांना चिकटून उभी. घोड्यांच्या पाठीवरचं सामानही उतरवलेलं नव्हतं, कारण उतरवायचं कुठं? घोड्यावरच्या टोपलीतून कोकरं माना बाहेर काढून ओरडत होती. कंपन्यांच्या गाड्या येत होत्या, हॉर्न मारत होत्या, थांबत होत्या. एका गाडीतून पोरी उतरल्या, कोकरांना हात लावला, किती क्यूट म्हणाल्या, फोटो काढले आणि गेल्या. त्यांचा काही दोष नाही. पण त्या क्षणी मला त्यांचाही राग आला, गाड्यांचाही आला, आणि त्या निळ्या रंगाचा तर असा आला की आजही त्या रंगाचा पत्रा दिसला की मी तोंड फिरवते.

पत्र्यावर कंपनीचं नाव होतं. आमच्याच कंपनीचं. आमच्या प्रकल्पाला पैसा देणाऱ्या, हसऱ्या अधिकाऱ्याच्या कंपनीचं. माळावर त्यांचं नवीन ऑफिस होणार होतं.

फाटकावरचा रखवालदार विदर्भातून आलेला, पंचविशीतला. त्यानं मेंढ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कसानुसा झाला. "मी काय करू जी मॅडम, मायाकडंबी बकऱ्या हायेत घरी. पन आत सोडलं तं माही नोकरी जाते." त्याच्यावर काय ओरडणार? मी कंपनीच्या त्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो आला. त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे, आला. थंडगार गाडीतून उतरला आणि मावशीला त्यानं वाकून नमस्कार केला.

मी म्हटलं, "आत अजून काही बांधलेलं नाही. नुसता माळ आहे. पाऊस होईपर्यंत यांना राहू द्या."

"मॅडम, सिक्युरिटी इश्यू आहे. उद्या मशिनरी येतेय. काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"मेंढ्या तुमची मशिनरी खाणार नाहीत."

तो हसला. "आणि खरं सांगू का, मला कळत नाहीये ते थांबलेत कशाला. आपण तर त्यांना माहिती देतोय."

"आपणच त्यांना थांबा म्हणून सांगितलंय! तुमच्या पैशानं मेसेज गेलाय, थांबा!"

"हो, पण इथेच थांबा असं नाही ना म्हटलं." मग जरा आवाज खाली आणून, मला समजावल्यासारखं तो म्हणाला, "गावच्या लोकांनीही हाच आक्षेप घेतला होता मॅडम, जागा घेताना. मेंढपाळ इथे उतरतात म्हणून. पण तुमच्या संस्थेचाच रिपोर्ट होता ना. त्यांना आता थांबायची गरज नाही, असा. तो दाखवला आणि विषय संपला."

हे लोक दुष्ट असते तर बरं झालं असतं. दुष्ट माणसाला शिव्या देता येतात. हा मनुष्य प्रामाणिकपणे उभा होता, बुटांवर धूळ घेऊन, आणि त्याला खरंच वाटत होतं की आपण या बाईचं भलं केलंय. मी तिथूनच संचालकांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पाहा, आपलं काम माहिती देण्याचं. जागा देण्याचं नव्हे. आपण आपल्या मर्यादेत राहावं."

मावशी हे सगळं बाजूला उभी राहून बघत होती. बोलणं निम्मं इंग्रजीत होतं, काय झालं ते मी तिला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मंग दुसरीकडं कुठं हाय का जागा?"

मी शोधली. दोन दिवस रजा टाकून धानोरी, लोहगाव, सगळीकडे हिंडले. ज्या शेतकऱ्यांकडे पूर्वी मेंढ्या बसायच्या त्यांच्या दारात गेले. म्हातारी माणसं हळहळली, चहा दिला. पण शेतं कुठं उरली होती? प्लॉट पाडलेले, दगड रोवलेले, आणि प्लॉटला खत लागत नाही. एकजण तयार झाला तर त्याच्या मुलानं नाही म्हटलं, गिऱ्हाईक जागा बघायला येणार आहे म्हणे. एका शाळेच्या मैदानाचं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मेंढी आहे. तोवर रस्त्यावर वाहतूक तुंबत होती, पोलीस रोज येऊन हटवत होते, चारा विकत आणावा लागत होता. मागं मावळात पाऊस लागला होता, परतीची वाट बंद. भर रस्त्यात एका गाडीनं दोन मेंढ्या चिरडल्या, त्यानंतर मावशी थांबली नाही. सकाळी मी गेले तर धुळीत लेंड्या होत्या फक्त. ती गावाकडे निघून गेली होती, जिथं जाऊ नका असं मी तिला सांगितलं होतं.

अंदाज खरा ठरला. एखादी चूक होऊ दे, असं मी त्या पावसाळ्यात रोज म्हणत होते, पण तो अगदी चोख खरा ठरला. सुप्याकडे आभाळ यायचं आणि जायचं. मावशीचा फोन यायचा तेव्हा ती तक्रार करत नसे, नुसती माहिती देत असे, आमच्या मेसेजसारखी. बोरी-बाभळीचा पाला संपला. कोकरांना आईखाली दूध नाही. सगळा मुलूखच जनावरं बाजारात आणत होता, मग भाव कुठला यायला? पोटातल्या पिलांसकट मेंढ्या मातीमोलानं विकल्या गेल्या. शेवटी चार धडधाकट मेंढ्या तिनं राखल्या. एवढ्यांना झाडपाला तोडून कसंतरी जगवता येईल आणि चांगलं वर्ष आलं की त्यांच्यापासून पुन्हा कळप उभा करू, असं ती म्हणाली. तिच्या सासूनं एकदा तसा केला होता.

दिवाळीनंतर संचालकांनी मला बोलावलं. चेहऱ्यावर आनंद. प्रकल्पाची दोन वर्षं पूर्ण झाली म्हणून मोठा कार्यक्रम, हॉटेलात, परदेशी पाहुण्यांसमोर, आणि त्यात मावशीचा सत्कार. मला वाटलं, लाज वाटली असेल. मग त्यांनी छापलेला मजकूर पुढं केला. 'हंगामी अंदाजाचा उपयोग करून वेळीच कळप कमी करणारी आणि मोठं नुकसान टाळणारी महिला मेंढपाळ.'

"टाळणारी?" मी विचारलं. "अहो, तिचं नुकसान झालंय! सगळा कळप गेला तिचा!"

"विकला," संचालक म्हणाले. "मेला नाही. दोन्हींत फरक आहे. बाकीच्यांची जनावरं मेली."

मी तो कागद त्यांच्या टेबलावर परत टाकला आणि बाहेर आले. मावशीला फोन करून सांगणार होते की येऊ नका. पण मी बोलायच्या आतच ती म्हणाली, "ताई, त्ये कंपनीवालं सायेब असतील का तिथं? मग येते मी. मला इचारायचं हाय."

तिला मी स्वारगेटला घ्यायला गेले. नवं कोरं लुगडं, केसांना तेल, हातात पिशवी. दुचाकीवर मागं बसून ती वाटभर मनाशी वाक्य जुळवत होती, मला ऐकू येत होतं. हॉटेलात गालिचा बघून तिनं चपला बाहेर काढल्या, त्या परत घालायला सांगताना माझी पंचाईत झाली.

स्टेजवर शाल आणि नारळ झाला. मागं पडद्यावर तिचा माळावरचा जुना फोटो, मेंढीचा पाय मांडीवर घेतलेला. मग माईक तिच्या हातात दिला. ती घाबरली नाही. तिनं कंपनीच्या अधिकाऱ्याकडे तोंड केलं आणि स्पष्ट बोलली, "सायेब, तुमी पावसाचं सांगता त्ये बराबर असतंय. औंदा बी बराबर सांगितलं. पन नुसतं थांबा म्हनून काय व्हतंय? थांबाया जागा पायजे. माज्याकडं चार मेंढ्या राखल्यात. फुडल्या सालापासनं कळप वाढवायचा हाय. तुमच्या माळाचा येक कोपरा द्या, पाऊस पडंस्तवर. बाकी काय नको."

सभागृहात मराठी कळणारे कमी. पाहुणे संचालकांकडे बघायला लागले. संचालक उठले, माईक घेतला आणि आपल्या स्वच्छ, सुंदर इंग्रजीत म्हणाले की, ही भगिनी म्हणते, आपला अंदाज अचूक होता, त्यामुळं आपण वेळेत निर्णय घेऊ शकलो, आणि पुढच्या वर्षीही ही सेवा चालू राहावी अशी तिची विनंती आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी मात्र हसली, तिला वाटलं जागेचं जमलं.

मी उठले. मला उठायचं नव्हतं, पण उठले. मागच्या रांगेतून, माइकशिवाय, माझ्या नारायण पेठी इंग्रजीत मी तिचं म्हणणं शब्दन् शब्द सांगितलं. माळ कुणी घेतला, काय दाखवून घेतला, तेही सांगितलं. कळप कसा गेला तेही. आवाज चढला होता आणि व्याकरण सुटलं होतं, त्याची मला पर्वा नव्हती. कुणी टाळी वाजवली नाही. एका परदेशी बाईनं मान खाली घातली. कंपनीचा अधिकारी पहिल्यांदाच हसला नाही. तो उठून म्हणाला की हा महत्त्वाचा विषय आहे आणि त्यावर आपण नंतर वेगळं बोलू. मग जेवणाची वेळ झाल्याचं जाहीर झालं.

मी मावशीला घेऊन खाली रस्त्यावर आले. मग तिनं विचारलं, "काय म्हनलं सायेब?"

"नंतर बोलू म्हणाले."

"म्हंजी न्हाय."

"हो मावशी. नाही."

स्वारगेटला तिची एसटी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडत होता. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली आणि म्हणाली, "ताई, तुमी आता पावसाचं नगा सांगू. येवढंच सांगा. त्या चार राखल्यात, त्या ठिवू का इकू?"

त्या सगळ्या प्रकल्पात मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर मला ठाम माहीत होतं.

"विका," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि ती गाडीत चढली.